मस्टर सुटलं, माप सापडेना

एप्रिल २०२० मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएसनं एक धाडसी घोषणा केली. २०२५ पर्यंत कंपनीतली जास्तीत जास्त २५ टक्के माणसंच एका वेळी ऑफिसात असतील, बाकीची घरून काम करतील. कंपनीत तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास कर्मचारी होते आणि लॉकडाउन लागल्यावर काही आठवड्यांत त्यांतल्या बहुतेकांना घरून कामाला लावून दाखवलेलं होतं. त्यामुळे घोषणा हवेतली वाटत नव्हती. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून याच कंपनीनं आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. दर तिमाहीला मिळणारा पगाराचा बदलता हिस्सा हजेरीला बांधला. ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर तो पूर्ण मिळणार, ६० टक्क्यांच्या खाली गेली तर काहीच नाही.

कंपनीनं शब्द फिरवला म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे. पण या शेवटच्या नियमात एक गंमत आहे. पगाराचा बदलता हिस्सा असतो तो कामगिरीसाठी. तो आता ठरू लागला खुर्चीत बसण्यावरून. दूरस्थ कामाबद्दल गेली काही वर्षं जो वाद चाललाय, त्याची मेख इथे आहे. घरून काम होतं की नाही, हा प्रश्न २०२० मध्येच निकालात निघाला. काम झालं की नाही हे मोजायचं कशानं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक कंपन्यांना अजून सापडलेलं नाही.

कागद गेला, मस्टर राहिलं

ऑफिस नावाची जागा जन्माला आली ती मुख्यतः कागदामुळे. वह्या, खातेवह्या, फायली एका ठिकाणी असायच्या, म्हणून त्यांच्यावर काम करणाऱ्या माणसांनाही तिथेच यावं लागायचं. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा असंख्य फायली जळाल्या आणि राज्याचा कारभार किती कागदावर उभा आहे हे सगळ्यांना दिसलं. फायली संगणकावर नेण्याच्या हालचालींना त्यानंतर वेग आला.

कागदाची अडचण मात्र तंत्रज्ञानानं त्याच्या कितीतरी आधी सोडवली होती. १९७३ मध्ये अमेरिकेत जॅक नाइल्स या अभियंत्यानं 'टेलिकम्युटिंग' ही कल्पना मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं: माणसं रोज कामाकडे नेण्यापेक्षा तारेवरून काम माणसांकडे न्या. त्याच वर्षी खनिज तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, त्यामुळे कल्पनेला ऐकणारे कानही मिळाले. १९७९ मध्ये आयबीएमनं काही मोजक्या कर्मचाऱ्यांच्या घरी संगणकाची टर्मिनल्स बसवली. पुढच्या काळात हीच कंपनी घरून काम करण्याचा नमुना म्हणून ओळखली गेली. तरीही २०१९ उजाडला तेव्हा अमेरिकेत पगारी कामाच्या दिवसांपैकी जेमतेम सात टक्के दिवस घरून भरत होते. मधल्या काळात उलटे वारेही वाहिले. याहूनं २०१३ मध्ये घरून काम बंद केलं आणि खुद्द आयबीएमनं २०१७ मध्ये हजारो माणसांना ऑफिसात परत बोलावलं.

याचं कारण असं, की कागद सांभाळण्याबरोबर ऑफिस आणखी एक काम करत होतं. ते म्हणजे मोजण्याचं. शेतमजुरानं किती वाफे खुरपले, गवंड्यानं किती ब्रास बांधकाम केलं, हे डोळ्यांना दिसतं. कारकुनानं, विश्लेषकानं किंवा प्रोग्रॅमरनं दिवसभरात नेमकं किती काम केलं, हे सहजासहजी दिसत नाही. म्हणून मालकानं एक पर्यायी माप वापरलं: माणूस जागेवर आहे ना? मस्टर, लेटमार्क, हाफ डे, नंतर बायोमेट्रिक आणि कार्ड स्वाइप ही सगळी त्या एकाच मापाची रूपं. हे माप ढोबळ होतं. साडेपाचपर्यंत पेपर वाचत बसणाराही त्यात पूर्ण भरायचा. पण ते स्वस्त होतं आणि सगळ्यांना मान्य होतं.

भारतात आणखी दोन कुलपं होती, ती फारशी चर्चेत येत नाहीत. कॉल सेंटर आणि बीपीओंना दूरसंचार खात्याच्या 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर' नियमांखाली नोंदणी करावी लागे. त्यात घरून काम करणारा एजंट ठेवायचा तर सुरक्षा ठेवीसह इतक्या अटी होत्या, की त्या वाटेला सहसा कुणी जात नसे. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बहुतांश रद्द झाल्या. दुसरं कुलूप विशेष आर्थिक क्षेत्रांचं. तिथल्या कंपन्यांना करसवलती मिळतात त्या कुंपणाच्या आत काम करण्यासाठी, त्यामुळे काम कुंपणाबाहेर नेणं नियमांत बसत नव्हतं. जुलै २०२२ मध्ये नियम ४३अ आला आणि अशा कंपन्यांतल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला रीतसर मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ही मर्यादा आणखी सैल झाली. म्हणजे आपल्याकडे घरून काम रखडलं ते फक्त साहेबांच्या मानसिकतेमुळे नव्हे.

पापड, विड्या आणि लॅपटॉप

घरी बसून मालकाचं काम करणं ही महाराष्ट्राला मात्र २०२० मध्ये समजलेली गोष्ट नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. आज तिच्या सभासद भगिनींची संख्या ४० हजारांच्या वर आहे. पद्धत ठरलेली आहे. सकाळी शाखेत जाऊन तयार पीठ घ्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. पीठ देण्याआधी घर पाहिलं जातं. लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा नसेल, तर ती बाई शाखेतच पीठ मळण्याचं किंवा पॅकिंगचं काम करते. आयटी कंपन्यांना 'तुमच्याकडे वेगळी खोली आणि चांगलं इंटरनेट आहे का' हे विचारायची वेळ यायच्या कितीतरी आधी हा प्रश्न लिज्जतच्या शाखांमध्ये विचारला जात होता.

सोलापुरात हीच पद्धत विड्यांची. कारखान्यातून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी विड्या वळायच्या आणि परत नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. हजारो बायकांनी यावर संसार चालवले. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. तिची कष्टाची जागा तिच्या घरातला कोपरा आहे, म्हणून ती कायद्याबाहेर जात नाही, हे तत्त्व त्यात आलं.

या दोन्ही धंद्यांत बाई किती वाजता बसली, मधे उठून किती वेळा चुलीकडे गेली, कुणी विचारत नाही. विचारायची गरज नाही, कारण वस्तू मोजता येते. वाद होतो तो दर्जावर. विड्यांत नापास माल काढून टाकण्याला छाट म्हणतात, आणि किती छाट काढायची यावरून सोलापुरात वर्षानुवर्षं भांडणं झाली. थोडक्यात, काम घरी गेलं की मोजमाप वेळेकडून वस्तूकडे सरकतं आणि ते सरकलं की वस्तू पास-नापास ठरवण्याचा अधिकार कुणाकडे, हा सत्तेचा प्रश्न होतो.

त्याबरोबर एक किंमतही येते. जागा बाईची, दिवाबत्ती बाईची, घरभर उडणारी तंबाखूची धूळ लेकरांच्या नाकात. मालकाचा इमारतीचा खर्च वाचतो, तो नाहीसा होत नाही, कामगाराच्या घरात शिरतो. आज दिवसभराची वीज, खुर्ची, वायफाय आणि इन्व्हर्टर यांचा खर्च कुणी भरायचा हा प्रश्न इंजिनिअर विचारतो, तेव्हा तो नकळत सोलापूरच्या विडी कामगार बाईचाच प्रश्न विचारत असतो. फरक एवढाच, की तिच्यामागे युनियन होती.

आयटीतलं काम मात्र विडीसारखं हजारानं मोजता येत नाही. शंभर ओळींचा प्रोग्रॅम दहा ओळींत लिहिणारा जास्त चांगला, हे या धंद्यातलं साधं सत्य. त्यातच पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांचा धंदा मोठ्या प्रमाणात माणसांचे तास विकण्याचा आहे. 'टाइम अँड मटेरियल' प्रकारच्या करारात परदेशी ग्राहक माणसामागे तासाचा दर देतो. टाइमशीट भरली की बिल निघतं. म्हणजे इथे वेळ हे नुसतं देखरेखीचं साधन नाही, विक्रीचा मालच वेळ आहे. ज्यांचा मालच वेळ, त्यांचा हजेरीचा मोह सुटणार कसा? हिंजवडीतला इंजिनिअर न्यू जर्सीतल्या ग्राहकाचं काम करतो तेव्हा तो ग्राहकाच्या दृष्टीनं वीस वर्षांपासून 'रिमोट'च आहे. त्याला हिंजवडीपर्यंत रोज कशासाठी यावं लागतं, हे कोडं म्हणूनच त्याला सुटत नाही.

प्रयोग काय म्हणतात?

घरून उत्पादकता वाढते की घटते? यावर दोन्ही बाजूंचे लोक छातीठोक बोलतात. संशोधन मात्र सरळ कौल देत नाही, आणि का देत नाही हे पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात गाजलेला प्रयोग शांघायमधला. सीट्रिप या प्रवास कंपनीनं २०१० ते २०११ मध्ये, स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांच्या सहभागानं, कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांची जन्मतारखेनुसार विभागणी केली. तारीख सम असणाऱ्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम असणाऱ्यांनी ऑफिसातूनच. नऊ महिन्यांनी घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वरचढ निघाली. यातला मोठा भाग शिफ्टमधली जास्त मिनिटं प्रत्यक्ष कामात गेल्यामुळे होता: सुट्ट्या आणि मधल्या विश्रांती कमी झाल्या. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण कामगिरी तेवढीच असताना बढती मिळण्याची शक्यता घटली, आणि एकटेपणाची तक्रारही अनेकांनी केली.

आता चेन्नईचा प्रयोग. डेव्हिड ॲटकिन, आन्त्वानेत शोअर आणि सुमित शिंदे या अर्थशास्त्रज्ञांनी डेटा एंट्रीसाठी नव्यानं भरती केलेल्या माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं घरी किंवा ऑफिसात वाटलं. घरी बसलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातली दोन तृतीयांश तफावत पहिल्याच दिवशी दिसली. उरलेली हळूहळू वाढली, कारण ऑफिसातले लोक काम भराभर शिकत गेले.

दोन्हीकडे काम मोजता येण्यासारखं, तरी निकाल उलटे. फरक माणसांत आणि परिस्थितीत आहे. शांघायच्या गटात यायचं तर किमान सहा महिन्यांचा अनुभव, घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड या अटी होत्या, शिवाय आठवड्यातला एक दिवस ऑफिसात जायचं होतं. चेन्नईतली माणसं कामाला नवी होती. त्यातही एक चटका लावणारी गोष्ट आढळली. ज्यांना घरून काम हवं होतं ते मुळात जास्त वेगवान आणि अचूक होते, पण घरी बसल्यावर त्यांचीच उत्पादकता सगळ्यांत जास्त घसरली. घरची जबाबदारी असलेल्या माणसाला घरून काम सर्वांत जास्त हवं असतं आणि त्याच जबाबदारीमुळे ते त्याला सर्वांत अवघड जातं.

तिसरा अभ्यास आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा, कोविडच्या काळातला. घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास ३० टक्क्यांच्या आसपास वाढले, पण हातून झालेलं काम वाढलं नाही. वाढलेला वेळ बैठका आणि समन्वय यांत गेला. एकाग्र होऊन सलग काम करण्याचा वेळ घटला. लहान मुलं असलेल्यांचे तास आणखी लांबले. 'काल रात्री साडेदहाचा कॉल होता' हे वाक्य पुण्यातल्या ज्या घरांत रोज ऐकू यायचं, त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

आणि चौथा, अलीकडचा. सीट्रिपचंच नंतर ट्रिप डॉट कॉम झालं. तिथे १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात निम्म्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम करू दिलं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलेला निकाल असा: कामगिरीत आणि बढतीत फरक नाही, नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं घटलं.

चारही निकाल एकत्र ठेवले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. अनुभवी माणूस, नीट जागा, मोजता येणारं काम आणि आठवड्यात काही दिवस प्रत्यक्ष भेट, एवढं जमलं तर घरून काम चालतं आणि माणूस टिकतो. नवखा माणूस, अडचणीचं घर आणि कायमचा दूरपणा असेल तर काम आणि शिकणं दोन्ही मार खातात.

यातला नवख्याचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. चांगल्या टीममध्ये नवा मुलगा निम्मं काम शेजारच्याच्या स्क्रीनकडे डोकावून शिकतो. चूक कुठे होते, साहेबांना मेल कसा लिहायचा, ग्राहकाला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याही ट्रेनिंगच्या पीपीटीत नसतं. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांच्या जास्त सूचना मिळत होत्या, आणि सगळ्यांत जास्त फायदा नवख्यांना होत होता. पण शिकवण्यात ज्येष्ठांचा वेळ जात होता, त्यांचं स्वतःचं काम कमी होत होतं. म्हणून पन्नाशीतला आर्किटेक्ट घरी खूश असतो आणि तेविशीतली मुलगी 'मला काही कळतच नाहीये' म्हणत रडकुंडीला येते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

ऑफिसचं रूप पालटलं

अमेरिकेत दूरस्थ कामाचा पहिला फटका इमारतींना बसला. तिथे २०२३ च्या मध्यापर्यंत पगारी दिवसांपैकी सुमारे २८ टक्के घरून भरत होते, म्हणजे कोविडपूर्वीच्या चौपट. त्या वर्षाच्या अखेरीस मोठ्या शहरांतली जवळपास एक पंचमांश ऑफिस-जागा रिकामी होती. १९७९ पासूनच्या नोंदींत इतका मोठा आकडा नव्हता. घराघरांत मीटिंग पोचवणाऱ्या झूम कंपनीनंच ऑगस्ट २०२३ मध्ये जवळपास राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बोलावलं, तेव्हा जगभर हशा पिकला. ॲमेझॉननं जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांची सक्ती केली.

भारतात उलट झालं. इथे ऑफिसच्या जागांची मागणी वाढतच राहिली आणि तिला मोठा हातभार लावला तो बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांनी, ज्यांना जीसीसी म्हणतात. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती आणि त्यांत १९ लाखांच्या घरात माणसं काम करत होती. यामागेही दूरस्थ कामाचाच हात आहे. जे काम घरी बसून होऊ शकतं ते डेन्व्हरच्या घरातूनच कशाला, पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसातूनही होऊ शकतं, हे परदेशी व्यवस्थापकांना कोविडनं शिकवलं. तिकडे ओस पडलेल्या मजल्यांचा आणि इकडे भरलेल्या मजल्यांचा असा संबंध आहे.

आतली रचनाही बदलली. अनेक ठिकाणी नावाची पाटी असलेली खुर्ची गेली. ॲपवर सीट बुक करायची, लॅपटॉप लॉकरमध्ये ठेवायचा आणि गणपतीचा छोटा फोटो, पेनस्टँड, पोरांचं चित्र असं काहीही मागे ठेवायचं नाही. माणसं जास्त आणि खुर्च्या कमी, या हिशोबावर कंपन्या भाडं वाचवतात. मोठी जागा स्वतः घेण्यापेक्षा को-वर्किंग कंपनीकडून तयार मजला घेण्याकडे कल वाढला. बंद केबिन कमी झाल्या आणि कॉल घेण्यासाठी फोन बूथ वाढले. कारण ऑफिसात आलेला माणूसही दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्या शहरातल्या माणसांशीच बोलत असतो. 'कॉलवरच बसायचं होतं तर दीड तास गाडी कशाला चालवली?' हा त्याचा सवाल बिनतोड आहे. माणसांना बोलवायचंच असेल, तर संपूर्ण टीमला एकाच दिवशी बोलवायला हवं. नाहीतर जो तो आपापल्या सोयीच्या वारी येतो आणि रिकाम्या रांगेत बसून जातो.

ऑफिसच्या भोवती जगणारं एक शहरही असतं. कॅबवाले, कँटीनचे आचारी, पीजीच्या मावश्या, गेटबाहेरच्या चहा-वडापावच्या टपऱ्या. मुंबईचे डबेवाले कोविडआधी पाच हजारांच्या आसपास होते आणि रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत. ऑफिसं बंद झाली तशी त्यांतले कितीतरी गावी गेले. ऑफिसं उघडल्यावरही अर्धे दिवसच भरू लागली, तेव्हा संख्या निम्म्याच्याही खाली राहिली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही साखळी रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर बसणाऱ्या माणसावर उभी होती. तो माणूस मंगळवारी येतो आणि बुधवारी येत नाही म्हटल्यावर महिन्याचा हिशोब बसेना.

नोकरीकडून काय हवंय?

पगार, पद, नाव आणि पीएफ या चार गोष्टी पाहून नोकरी निवडायची, हा मध्यमवर्गाचा जुना रिवाज. त्यात आता पाचवा प्रश्न आला: ऑफिसला किती दिवस यावं लागेल? त्याची किंमत अर्थशास्त्रज्ञांनी पैशांत काढली आहे. २७ देशांतल्या एका पाहणीत कर्मचाऱ्यांनी आठवड्याला दोन-तीन दिवस घरून काम करण्याच्या मुभेची किंमत सरासरी पाच टक्के पगाराएवढी मानली. दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की घरून काम केल्यानं प्रवासाची रोज सरासरी ७२ मिनिटं वाचतात. भारतात ९९. यातली जवळपास ४० टक्के मिनिटं लोक पुन्हा नोकरीच्याच कामात घालतात. म्हणजे वाचलेल्या वेळेचा मोठा वाटा मालकालाच मिळतो.

गावाकडे परतण्याचं गणितही बदललं. सांगलीत, रत्नागिरीत, लातूरमध्ये स्वतःचं घर आहे, आई-वडील आहेत, आणि पगार पुण्याचा: असा काळ कोविडमध्ये हजारो तरुणांनी अनुभवला. बाणेरच्या भाड्यात गावात काय काय होतं, हे एकदा कळलं की विसरता येत नाही. परत बोलावल्यावर अनेकांनी आधी बदली, मग सूट आणि शेवटी दुसरी नोकरी मागितली ती यामुळे. पण अधूनमधून जाणारी वीज आणि घरात न पोचलेली फायबरची तार यांनी हे स्वप्न किती जणांना परवडतं तेही दाखवलं. गोव्यात उलटी बाजू दिसली. बाहेरचे पगार घेऊन आलेल्यांमुळे आसगाव, हणजुणेसारख्या गावांत घरांची भाडी चढली आणि स्थानिकांच्या पोटात गोळा आला.

बायकांसाठी प्रश्न दुधारी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांना दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, ती करणारे पुरुष ९७. प्रवास वाचला की बाई नोकरीत टिकते. पण घरात बसून काम करणारी बाई घरच्यांना 'घरीच आहे' अशी दिसते. गॅस आणणारा, पाहुणे आणि नळवाला सगळे तिच्या वाट्याला. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्यानं बाळंतपणाच्या रजेनंतर बाई आणि मालक दोघांच्या संमतीनं घरून काम करण्याची तरतूद केली. तिचा उपयोग व्हायचा तर घरातल्या कामाची वाटणीही बदलावी लागेल. ती कायद्यानं होत नाही.

आणि निष्ठेचं काय? विप्रोनं २०२२ मध्ये सांगितलं, की एकाच वेळी दुसऱ्या कंपनीचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकलं. कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी या प्रकाराला सरळ फसवणूक म्हटलं. प्रतिस्पर्ध्याचं काम गुपचूप करणं चूकच. पण त्या वादात आणखी एक प्रश्न दडलेला होता: माणूस आठ तासांचं काम पाच तासांत पुरं करत असेल, तर उरलेले तीन तास कुणाचे? तास विकत घेणारी कंपनी म्हणते, माझे. काम विकणारा माणूस म्हणतो, माझे. दोघांनी करार मात्र महिन्याच्या पगाराचा केलेला असतो, ज्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

पाळत हे माप नव्हे

हजेरीचं माप सुटल्यावर अनेक कंपन्यांनी त्याची डिजिटल नक्कल तयार केली. कळफलक किती वेळा वाजला, माउस किती हलला, चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका किती वेळ होता. मग माउस हलवत ठेवणारी यंत्रंही बाजारात आली. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेनं असं खोटं काम दाखवणाऱ्या डझनभराहून अधिक जणांना काढलं. ऑफिसला सक्तीनं बोलावलं तर लोक कार्ड स्वाइप करून, कॉफी पिऊन निघून जायला लागले. त्याला 'कॉफी बॅजिंग' असं नावही पडलं. मोजणार ते मिळणार, हा नियम इथेही चुकला नाही. हालचाल मोजली, हालचाल मिळाली.

मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये जगभर केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही नीट काम करतो. माणसं नीट काम करताहेत असा पूर्ण विश्वास असलेले व्यवस्थापक निघाले १२ टक्के. ही दरी कॅमेऱ्यानं भरत नाही. ती भरायची तर या आठवड्यात काय व्हायला हवं, ते झालं हे कशावरून कळेल आणि नाही झालं तर कुणाला कधी सांगायचं, हे साहेबानं आधी लिहून द्यावं लागतं. यात साहेबाचं काम वाढतं. फेरी मारून 'सगळे बसलेत ना' पाहणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. हजेरीकडे परतण्याच्या ओढीत हा आळसही असतो, फक्त तो 'संस्कृती' आणि 'टीम स्पिरिट' अशा नावांनी वावरतो.

वेळेची हद्दही कुणीतरी आखायला हवी. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. भारतात तशाच आशयाचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. घर हेच ऑफिस झालं, की ऑफिस सुटण्याची वेळ ही बाब माणसाच्या मनोबलावर सोडून चालत नाही. १९६६ मध्ये विडी कामगारासाठी जे तत्त्व मान्य केलं, ते लॅपटॉपवाल्या कामगाराच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत लिहायला कुणाची हरकत असू नये: घर ही कामाची जागा असेल, तर तिथला खर्च, इजा आणि वेळ यांची जबाबदारी वाटून घ्यावी लागेल.

हेही लक्षात ठेवावं, की हा सगळा वाद मूठभरांचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतही ३७ टक्केच नोकऱ्या पूर्णपणे घरून होऊ शकतात आणि देश जितका गरीब तितका हा वाटा कमी. नर्स, वायरमन, एसटीचा कंडक्टर, सफाई कामगार यांना हा पर्यायच नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. तिथे 'घरून काम' म्हणजे नेमकं कुठून?

म्हणून 'घर की ऑफिस' हा प्रश्नच अपुरा आहे. नव्या नोकरीच्या मुलाखतीत तरुणांनी दिवस जरूर विचारावेत, पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: माझं काम चांगलं झालं हे तुम्ही कशावरून ठरवाल? पहिल्या वर्षी मला शिकवायचं काम कुणाचं? आणि रात्री नऊनंतर आलेल्या फोनला उत्तर दिलं नाही तर काय होईल? ज्या कंपनीकडे या तिन्हींची सरळ उत्तरं आहेत, तिथे आठवड्यातले दोन दिवस ऑफिस की चार, हा तपशील उरतो. जिच्याकडे नाहीत, ती तुम्हाला घरी बसवो नाहीतर हिंजवडीला बोलावो, शेवटी मोजणार तुमची खुर्चीच.